टर्बोचा आवाज : तो काय सांगतो आणि आपण काय करावे



या पानावर आपण एरवी लागण, खोडवा, बेणे, पाणी आणि खते यांविषयी वाचता. या वेळचा विषय शेताबाहेरचा असला तरी आपल्या दारातलाच आहे. आज वस्ती-वस्तीवर एखादी तरी डिझेल गाडी उभी असते. कोणाकडे बोलेरो, कोणाकडे जुनी स्विफ्ट. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणे बंद केले, पण त्याआधी घेतलेल्या गाड्या अजून रोज धावत आहेत. तोडणीच्या दिवसांत मुकादमाला गाठणे, ट्रॅक्टरचा पार्ट आणणे, रात्री-अपरात्री आजारी माणसाला तालुक्याला नेणे, या सगळ्याला हीच गाडी लागते.

शिवारफेरीला गेलो की उसाचे बोलणे संपल्यावर हमखास विचारणा होते, "साहेब, गाडी जरा वेगळाच आवाज करतीया. मिस्त्री म्हणतोय टर्बो गेला. बदलून टाकू का?" टर्बो बदलणे ही हजारो रुपयांची बाब आहे. म्हणून कारखान्याच्या वाहन विभागातील फिटर मंडळींशी बोलून आणि त्यांच्या हाताखाली चार गाड्या उघडलेल्या पाहून हा पाठ लिहिला आहे.

मूळ मुद्दा आधीच सांगतो. आवाज हे लक्षण आहे, रोग नव्हे. ऊस पिवळा दिसला म्हणून आपण लगेच युरियाचे पोते फोडत नाही. पोंगा वाळला असेल तर तो ओढून पाहतो. सहज उपसून आला आणि त्याला कुजकट वास आला, तर खोडकिडा. ओढताना बेटच उपटून हातात आले, तर खाली हुमणीने मुळ्या खाल्ल्या. दोन्हीकडे ऊस वाळलेलाच दिसतो, पण उपाय निरनिराळे. गाडीचेही तसेच आहे. जो आवाज टर्बोचा वाटतो तो पुष्कळदा एखाद्या सैल क्लिपचा किंवा फाटलेल्या नळीचा असतो. आणि टर्बो खरोखर खराब झाला असेल, तरी तो कशामुळे झाला हे शोधल्याखेरीज नवा बसवला, तर नवाही त्याच वाटेने जातो.

टर्बो म्हणजे काय?

आपल्या कारखान्यात वाफेवर फिरणारे टर्बाइन पुष्कळांनी पाहिले आहे. टर्बोचे तत्त्व तेच, फक्त वाफेच्या जागी इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर असतो. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन छोटी पात्यांची चाके असतात. एक चाक धुराच्या जोरावर फिरते. दांडा एकच असल्यामुळे दुसरेही फिरते आणि बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरते. हवा जास्त मिळाली की डिझेल नीट जळते आणि लहान इंजिनही मोठ्यासारखे ओढते. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंजिनात जाण्यापूर्वी इंटरकूलर नावाच्या जाळीतून थंड करून घेतात.

ही कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. पुढे जहाजे, रेल्वे इंजिने आणि ट्रक यांत ती रुळली. डिझेलवर चालणाऱ्या मोटारीत टर्बो बसवून ती बाजारात आली १९७८ साली, मर्सिडीजची ३०० एसडी. आता तर बहुतेक सर्व डिझेल मोटारींत आणि मोठ्या ताकदीच्या पुष्कळ ट्रॅक्टरांतही टर्बो असतो.

त्याचा वेग ध्यानात घ्या. साखर वेगळी करणारे बॅच सेंट्रिफ्युगल मशीन मिनिटाला साधारण हजार ते दीड हजार फेरे घेते, तरी ते चालू असताना जवळ उभे राहायला छाती लागते. मोटारीच्या टर्बोचा दांडा पूर्ण जोरात मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. दोन लाख म्हणजे सेकंदाला तीन हजारांहून जास्त. एका बाजूला सातशे अंशांच्या वरचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि मधला दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हा थर काही क्षण जरी तुटला तरी धातूला धातू घासतो. एवढ्या वेगात धुळीचा कणसुद्धा पात्याला गोळीसारखा लागतो. टर्बोचे दोन मोठे वैरी इथेच कळतात : वाईट किंवा अपुरे ऑइल, आणि घाण हवा.

आधी विचारायचे प्रश्न

बॉनेट उघडण्यापूर्वी गाडी चालवणाऱ्याने स्वतःला पुढील प्रश्न विचारावेत व उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. मिस्त्रीकडे जाताना हा कागद फार उपयोगी पडतो.

(१) आवाज गाडी उभी असताना नुसती रेस दिली तरी येतो की ओझे घेऊन चढ चढतानाच येतो? उभ्या गाडीत रेस दिल्याने टर्बो फारसा दाब तयार करत नाही. म्हणून जो आवाज फक्त चढाला, तिसऱ्या-चौथ्या गिअरात जोर मागितल्यावर येतो, त्याचा संबंध टर्बोशी किंवा दाबाच्या हवेच्या नळ्यांशी असण्याचा संभव जास्त.

(२) न्यूट्रलमध्येही आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर सारखा चढतो-उतरतो काय? तसे असेल तर आधी बेल्ट, बेल्टचा टेन्शनर, आल्टरनेटरचे बेअरिंग आणि स्टिअरिंगचा पंप यांकडे बघावे. यांची कूं-कूं टर्बोच्या शिटीसारखीच वाटते व पुष्कळांना फसवते.

(३) आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो आणि गिअर काढून गाडी घरंगळत सोडली तरी चालूच राहतो काय? मग तो चाकाच्या बेअरिंगचा किंवा टायरचा. टर्बोला हात लावायचे कारण नाही.

(४) सकाळी गार इंजिनात येतो आणि गरम झाल्यावर नाहीसा होतो काय?

(५) आवाजाबरोबर आणखी काय बदलले? गाडी ओढत नाही, धूर वाढला, ऑइल कमी होते, डॅशबोर्डवर दिवा लागला, यांपैकी काही आहे काय?

आवाजांची ओळख

पहिला, बारीक शिटी. जोर दिल्यावर येणारी आणि पाय काढल्यावर विरणारी मंद शिटी निरोगी टर्बोचीही असते. नव्या गाडीपासून ती आहे तशीच असेल तर चिंता नको. काही गाड्यांत चावी बंद केल्यावर क्षणभर 'घुर्र' असा आवाज येतो. तो विजेवर चालणाऱ्या झडपा आपापल्या जागी फिरून येण्याचा असतो. त्यालाही भिऊ नये. लक्ष ठेवायचे ते बदलावर. काल जी शिटी नव्हती ती आज आली, किंवा होती ती मोठी झाली, तर तपास करावा.

दुसरा, 'सूंऽऽ' किंवा 'फुस्स'. जोर दिल्यावर हवा सुटल्यासारखा आवाज, गाडी मेलेली, मागे काळा धूर. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनापर्यंत जाणाऱ्या नळ्यांत कुठेतरी गळती आहे. नळीला उभी चीर पडते, क्लिप सैल होते किंवा इंटरकूलर फुटतो. या नळ्यांतून ऑइलचा थोडा अंश जातच असतो, त्यामुळे गळतीच्या जागी बाहेरून ओलसर डाग पडतो व त्यावर धूळ चिकटते. तो डाग हाच पुरावा. नळीची खालची बाजू हात फिरवून पाहावी, चिरा बहुधा तिथेच लपतात. एक सूचना : एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यामुळे दोष असूनही काळा धूर बाहेर दिसणार नाही. तो फिल्टर मात्र लवकर-लवकर भरेल आणि त्याचा दिवा लागेल.

तिसरा, 'टिक्-टिक्' किंवा 'फट्-फट्'. गार इंजिनात स्पष्ट, जोर दिल्यावर मोठा, आणि पुष्कळदा गरम झाल्यावर कमी. हा इंजिन आणि टर्बो यांच्यामधल्या धुराच्या वाटेचा दोष. गॅस्केट जळते किंवा मॅनिफोल्डला तडा जातो. लोखंड तापून फुगले की फट मिटते, म्हणून आवाज दबतो. फटीजवळ काजळीचा काळा फराटा दिसतो. धूर टर्बोला पोहोचण्याआधीच बाहेर पडतो, म्हणून जोरही कमी होतो. गाडीत धुराचा वास येत असेल तर हे काम उद्यावर टाकू नका. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असू शकतो, त्याला स्वतःचा वास नसतो आणि काचा बंद करून झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही.

चौथा, पत्र्याची खळखळ. ठरावीक फेऱ्यांवर येते आणि पुढे नाहीशी होते. टर्बोवरचे उष्णतारोधक पत्र्याचे झाकण सैल होते, किंवा जादा धूर वळवणाऱ्या झडपेची दांडी झिजते. झाकणाचा बोल्ट आवळणे हे पाच मिनिटांचे काम, पण त्यासाठीही पुरे टर्बो बदलल्याची उदाहरणे आहेत.

पाचवा, 'भक्-भक्' किंवा फडफड. जोर असताना हवा अडखळल्यासारखा आवाज. दाबलेली हवा पुढे न जाता उलटी येते. एअर फिल्टर चोंदलेला, हवेची नळी दबलेली किंवा टर्बोतल्या हलत्या पाकळ्या काजळीने अडकलेल्या, ही कारणे पाहावीत. सुरुवात फिल्टरपासून करावी, ते सर्वांत स्वस्त.

सहावा, सायरन. जोर दिला की पोलिसांच्या गाडीसारखा चढत जाणारा आणि पाय काढला की उतरणारा मोठा आवाज. पात्याला मार लागून चाकाचा तोल गेला आहे किंवा दांड्याचे बेअरिंग झिजले आहे. हा खुद्द टर्बोचा आवाज. अशी गाडी लांबच्या प्रवासाला काढू नये.

सातवा, घासल्याचा खर्रर्र आवाज. पाती आतल्या भिंतीला घासत आहेत. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि ओढून न्या. 'तालुक्यापर्यंत तरी जाईल की' असे म्हणू नका. पाते तुटले तर तुकडे पुढे जाऊ शकतात आणि टर्बोच्या खर्चात इंजिनाचा खर्च मिळतो.

हाताने तपासणी

सायरन किंवा खर्रर्र आवाज आला असेल तर मिस्त्रीसमोर उभे राहून पुढील तपासणी करून घ्यावी. इंजिन पूर्ण गार असावे, चावी काढून खिशात ठेवावी. टर्बोला हवा आणणारी नळी सोडवली की पात्यांचे चाक दिसते.

बॅटरीच्या उजेडात पाती पाहा. टोके सारखी व धारदार असावीत. खरचटलेली, वाकलेली किंवा दात पडलेली असतील तर टर्बो उतरवावाच लागेल. मग चाक बोटाने हळू फिरवा, ते न अडता फिरले पाहिजे. दांडा वर-खाली किंचित हलतो, तो प्ले असायचाच. ऑइलचा थर भरायला ती जागा मुद्दाम ठेवलेली असते. पण तसा हलवताना चाक भिंतीला टेकता कामा नये. आत-बाहेर, म्हणजे दांड्याच्या दिशेने, हाताला जाणवेल असा प्ले नसावा. नळीत ऑइलचा पातळ हात फिरल्यासारखा ओलावा असेल तर चालते, साठून राहिलेले ऑइल चालत नाही.

नळी काढलेली असताना इंजिन कधीही सुरू करू नये. चिंधी, नट, बोट, जे जवळ येईल ते चाक ओढून घेते.

बदलण्यापूर्वी कारण शोधा

आमच्या गटातील एका सभासदाच्या गाडीला सायरनचा आवाज आला. टर्बो बदलला. महिनाभरात नव्यालाही तोच आवाज. सामान बोगस आहे म्हणून भांडण झाले. तिसरा बसवण्यापूर्वी एका वयस्कर फिटरने टर्बोला ऑइल देणारी बारीक नळी सोडवली आणि तिच्यात तार घातली. तार निम्म्यातच अडली. जळलेल्या ऑइलच्या खपल्यांनी नळी चोंदली होती. दोन टर्बो बेअरिंग कोरडे पडल्यामुळे गेले होते आणि त्याचे कारण ती हातभर लांबीची नळी होती. ती नवी घातली. हंगामाचा पहिला हप्ता मात्र तोवर या भानगडीत गेला होता, आणि ते पैसे मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले होते.

म्हणून टर्बो बदलायचाच ठरला तर मिस्त्रीला पुढील गोष्टी स्पष्ट सांगाव्यात व आपल्या डोळ्यांदेखत करून घ्याव्यात :

(अ) टर्बोला ऑइल देणारी नळी नवी घालावी. ऑइल परत आणणारी नळी मोकळी असल्याची खात्री करावी.
(आ) ऑइल आणि ऑइल फिल्टर, दोन्ही बदलावेत. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच असावे.
(इ) इंटरकूलर उतरवून साफ करावा. जुन्या पात्यांचे तुकडे आणि साठलेले ऑइल त्यातच दडून बसते.
(ई) एअर फिल्टर बदलावा आणि फिल्टरपासून टर्बोपर्यंतची नळी फाटलेली नाही ना, हे पाहावे. फिल्टरच्या पुढे चीर असेल तर धूळ गाळल्याशिवाय आत जाते.
(उ) ऑइलच्या तोंडांवर लोशन फासू नये, गॅस्केटच वापरावे. लोशनचा सुटलेला तुकडा नेमका बारीक वाटेत अडकतो.
(ऊ) इंजिन सुरू करण्यापूर्वी नव्या टर्बोत ऑइल सोडून चाक हाताने फिरवावे. पहिले काही मिनिटे रेस देऊ नये.
(ए) काढलेला जुना टर्बो मागून घ्यावा व पाहावा. काळी-निळी पडलेली बेअरिंगची जागा ऑइल कमी पडल्याचे सांगते, चावल्यासारखी पाती धूळ-खडा गेल्याचे सांगतात.

इंजिन बेफाम सुटल्यास

हा भाग घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवावा. टर्बोचे सील फुटले तर ऑइल हवेच्या वाटेने इंजिनात जाते. डिझेल इंजिनाला ऑइलही जळण म्हणून चालते. मग पाय काढला तरी फेरे वाढतच जातात, मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट उठतो आणि चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, कारण चावी डिझेल तोडते, ऑइल नव्हे.

अशा वेळी घाबरून उडी मारू नये. गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी. ब्रेक पूर्ण दाबून धरावा, हँडब्रेक ओढावा, सर्वांत वरचा गिअर टाकावा आणि क्लच एकदम सोडावा. इंजिन गुदमरून बंद पडते. हे जमले नाही किंवा गाडी ऑटोमॅटिक असेल तर सर्वांना खाली उतरवून दूर न्यावे. हवेच्या तोंडावर हात किंवा कापड धरून इंजिन बंद करायला कोणी जाऊ नये. गाडी नवी घेता येते, बोटे येत नाहीत.

रोजची निगा

ऑइल ठरलेल्या किलोमीटरला बदलावे. धुळीच्या रस्त्यावर आणि गाळप हंगामात थोडे आधीच बदललेले बरे. एअर फिल्टर हंगामात वरचेवर उघडून पाहावा. सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर रेस देऊ नये, अर्धा-एक मिनिट ऑइल वर चढू द्यावे. घाट चढून किंवा ओझे ओढून आल्यावर लगेच चावी फिरवू नये, एखादे मिनिट इंजिन मंद चालू द्यावे. गरम टर्बोतले ऑइल जागच्या जागी जळून खपल्या धरतात, त्या अशाच वेळी. या सवयी ट्रॅक्टरच्या टर्बोलाही तितक्याच लागू आहेत.

शेवटची एक सोय. हंगाम सुरू होण्यापूर्वी एखाद्या शांत सकाळी आपली गाडी ठीक असतानाच रेडिओ बंद करून, काच खाली घेऊन, भिंतीच्या कडेने एकदा चालवा. भिंतीवरून परत येणारा आवाज नीट ऐका आणि शक्य तर मोबाईलवर उतरवून ठेवा. निरोगी गाडीचा आवाज ओळखीचा असला तर बिघडलेला आवाज पहिल्याच दिवशी कानाला खटकतो. आणि पहिल्या दिवशी सापडलेला दोष बहुधा क्लिपचा, नळीचा किंवा गॅस्केटचाच असतो.

पुढील अंकी आपल्या नेहमीच्या विषयाकडे, म्हणजे खोडव्याच्या पाचट व्यवस्थापनाकडे वळू.

आपला,
ऊस विकास अधिकारी